घरचा हात लागलेली गाडी

पुढच्या वर्षापासून शाळेच्या कब पथकातल्या (स्काउटमधल्या लहान मुलांच्या गटातल्या) मुलांनी आपल्या लाकडी गाड्या शाळेतच कराव्यात, सगळ्यांना एकसारखं तयार किट द्यावं, आणि ज्या गाडीला घरच्या मोठ्या माणसाचा हात लागला असेल ती शर्यतीत धरू नये, अशी सूचना आमच्या पालकसभेत आली. ती मांडणारी माणसं शिकलेली आहेत, मुलांची त्यांना काळजी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी बापानं केली तर मूल काय शिकलं? ज्याच्या घरी हत्यारं आहेत त्याचीच गाडी पळणार, मग बाकीच्यांवर अन्याय नाही का? आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात करवत द्यायचीच कशाला? सभेत बहुतेकांनी माना डोलावल्या. हे पथक मी सांभाळतो आणि मला ही सूचना मुळापासून चुकीची वाटते. सभेच्या गडबडीत जे बोलता आलं नाही ते इथे सविस्तर मांडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. वीतभर लांबीचा लाकडाचा ठोकळा, चार चाकं आणि आसांच्या जागी चार खिळे. ठोकळा तासून, घासून, रंगवून त्याची गाडी करायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची. इंजिन नाही, चावी नाही, सेल नाही. उतारावर जो वेग मिळेल त्यावरच पुढची सपाट फळी पार करायची. अमेरिकेतल्या कब स्काउटांत हा खेळ ‘पाइनवूड डर्बी’ म्हणून घरोघर माहीत आहे आणि तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही त्यात उतरतात. पहिली शर्यत १५ मे १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे झाली. ती भरवणारे कबमास्टर डॉन मर्फी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत नोकरीला होते. तेव्हा मोठ्या मुलांची ‘सोप बॉक्स डर्बी’ गाजत होती, जीत मूल स्वतः गाडीत बसून उतारावरून सुटतं. मर्फींचा मुलगा त्या शर्यतीसाठी लहान पडत होता, म्हणून त्यांनी हातात मावेल अशी गाडी काढली. ऑक्टोबर १९५४च्या ‘बॉइज लाइफ’ मासिकात तिचे आराखडे छापून आले आणि खेळ देशभर गेला. गाडी पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जड नसावी, हा नियम आजही चालतो. आम्ही गाड्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतो आणि १४० ग्रॅमवर थांबतो.

सूचना मांडणाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट पाहावी. बाप आणि मुलगा यांनी एकत्र बसून हातानं काही घडवावं, त्यातून दोघं जवळ यावेत, मुलाला कारागिरीची आणि खिलाडूपणाची सवय लागावी, हा मर्फींचा हेतू होता आणि तो त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. घरचा हात या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. त्यांच्या बोलण्यात फक्त बाप आणि मुलगा होते, ही त्यांच्या काळाची मर्यादा. अमेरिकेच्या कब पथकांत मुलींना प्रवेश मिळायला २०१८ साल उजाडलं. आमच्याकडे बुलबुल, म्हणजे मुलींच्या पथकातल्या मुलीही गाड्या करतात, आणि कुणासोबत आई बसते, कुणासोबत आजा, कुणासोबत मामा.

आता आमच्या, कर्नाटकातल्या जोयड्याकडे या. हा तालुका रानाचा. काळी नदी इथल्याच डिग्गीजवळ उगम पावते. तिच्यावरच्या धरणाखाली जुनं सुपं गाव गेलं. राहिलेल्या रानाचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. इथला साग दांडेलीच्या डेपोतून दूरदूर गेला, त्याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या रानाच्या कडेला राहणारा कुणबी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपला नांगर, आपलं जू, आपल्या घराची चौकट स्वतःच्या हातानं करत आला, हे सांगायला कुणी बसत नाही. शिवणीचं लाकूड हलकं आणि हत्याराला वश होणारं, जांभ्याचं इतकं कठीण की पटाशीची धार जाते, कुठलं लाकूड खिळा ठोकताना फुटतं आणि कुठलं पावसात फुगतं, हे त्याला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

या माणसाचं पोर शाळेत येतं तेव्हा काय होतं? घरी कोंकणी नाहीतर मराठी, वर्गात कन्नड, वरच्या वर्गात इंग्रजी. गृहपाठाला हात लावू शकेल असं घरी कुणी नाही. विज्ञान प्रदर्शन आलं की नोकरदार घरांतून थर्मोकोलचे ज्वालामुखी आणि सूर्यमाला येतात, बापानं रात्र जागून चिकटवलेल्या, चार्ट दुकानातून छापून आणलेले. आपण शिक्षक त्यांना पहिलं बक्षीस देतो. ट्यूशनला जाणाऱ्या मुलाला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले तर त्याला बाहेरून मदत मिळाली म्हणून कुणी गुण कापत नाही. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण आईनं लिहून दिलेलं असतं, हे व्यासपीठावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. या मदतीवर बंदी घाला, अशी सूचना मी आजवर एकाही पालकसभेत ऐकलेली नाही.

वर्षातून एक कार्यक्रम असा आला की जिथे कुणब्याच्या घरातलं ज्ञान मुलाच्या उपयोगी पडलं. ज्याला सही करतानाही संकोच वाटतो असा बाप मुलाशेजारी बसून त्याला काही शिकवू शकला. आणि नेमकं याच कार्यक्रमात आपल्याला समान संधीची आठवण झाली. माझा राग यावर आहे, तो मी लपवत नाही. घरची मदत वाईट असेल तर ती सगळीकडे वाईट माना. विज्ञान प्रदर्शन बंद करा, ट्यूशनवाल्यांना वेगळं काढा. ते करायची तयारी नसेल तर ज्या एका जागी गरीब घराचं पारडं जड होतं तिथेच तराजू बदलू नका.

‘बापानं केली तर मूल काय शिकलं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर देण्यासाठी मी पाहिलेलं एक काम सांगतो. आमच्या पथकाचा नियम आहे की रानातून काडीही आणायची नाही, सुताराच्या शेडमधले उरलेले तुकडेच घ्यायचे. असाच शिवणीचा एक तुकडा घेऊन बाप-लेक पडवीत बसले होते. मुलानं रंधा चालवला तो उलट्या बाजूनं. रंधा अडला, लाकडाच्या चिरफळ्या निघाल्या. बापानं रंधा काढून घेतला नाही. मुलाचा अंगठा धरून लाकडावरून एकदा इकडून तिकडे फिरवला, मग तिकडून इकडे. “खंयचे वाटेन गुळगुळीत लागता?” एवढंच विचारलं. मुलानं ठोकळा फिरवून धरला आणि दुसऱ्या बाजूनं रंधा मारला तेव्हा पातळ, अखंड सालपट वळत बाहेर आलं. मूल ते सालपट हातात घेऊन आईला दाखवायला आत पळालं.

मग खिळे. बाजारातल्या खिळ्याच्या डोक्याखाली कारखान्यातल्या पकडीच्या बारीक कंगोऱ्यांच्या खुणा असतात. चाक त्यांच्यावर घासतं आणि वेग तिथेच मरतो. खिळा हातड्रिलच्या जबड्यात बसवून फिरवायचा आणि त्याला कानस लावायची, नंतर पॉलिश पेपर, शेवटी शिसपेन्सिलीची बारीक पूड. पहिल्या खिळ्याला मूल ड्रिल फिरवत होतं आणि कानस बापाच्या हातात होती. दुसऱ्याला दोघांनी हातातलं काम बदललं. तिसऱ्याला बाप नुसता बघत होता. चौथा खिळा लावून मुलानं चाक बोटानं फिरवलं, कान जवळ नेला आणि म्हणालं, “अजून खरखरता.” खिळा परत काढला तो त्यानंच.

हा मुलगा शर्यतीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, वजनाचे वॉशर तू गाडीच्या मागच्या बाजूला का बसवलेस? तो म्हणाला, “उतारावर गाडी ठेवली की मागची बाजू वर असते ना सर. मागं वजन ठेवलं की ते जास्त वरून खाली येतं.” स्थितिज ऊर्जेचा धडा त्याच्या पुस्तकात अजून बरीच वर्षं यायचा नाही. बापालाही ते नाव माहीत नव्हतं. पण दोघांनी वॉशर पुढे लावून पाहिले, मागे लावून पाहिले, पडवीच्या पायरीला फळी टेकवून गाडी सोडली आणि काय होतं ते डोळ्यांनी बघितलं. यापेक्षा वेगळं शिकणं कुठलं, ते सूचना मांडणाऱ्यांनी मला सांगावं.

एकट्यानं केलं तरच ते स्वतःचं, ही समजूत कुठून आली मला कळत नाही. आपण कुणीच काही एकट्यानं शिकलेलो नाही. मूल चालायला लागतं ते बोट धरून. ज्या कब चळवळीच्या नावानं हा सगळा आग्रह चालला आहे, तिचा पाया बेडन-पॉवेलनं १९१६ साली किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर घातला. त्या कथेतला मोगली एकटा काही शिकत नाही. रानाचे कायदे त्याला बालू अस्वल शिकवतं, शिकार बघीरा शिकवतो, आणि कळपाचा म्होरक्या अकेला त्याच्यावर नजर ठेवतो. पथकाच्या प्रमुखाला आजही आपण अकेलाच म्हणतो. शिकवणारा जवळ असणं हे त्या पथकाच्या रचनेतच आहे.

सभेत एका पालकांनी अरविंद गुप्तांचं नाव घेतलं: कचऱ्यातून त्यांनी किती खेळणी काढली, आणि ती मूल स्वतःच करतं. गुप्तांचा मला अतिशय आदर आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या घेऊन त्यांनी होशंगाबादकडच्या खेड्यांतल्या मुलांना भूमिती हातात धरायला दिली, आणि पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात असंख्य मुलांना हेच दिलं. पण ती खेळणी तशीच रचलेली आहेत. कात्री आणि आगकाडी यांना मोठ्या माणसाची गरज लागू नये हाच त्यांचा विचार आहे. लाकडाला हत्यार लागतं, आणि हत्यार हातातून हातात जाऊनच शिकता येतं. दोन्ही गोष्टी मुलाला मिळाव्यात. एकीचं नाव घेऊन दुसरी बंद करू नये.

आता मदतीची हद्द कुठे, हे मी टाळणार नाही. हद्द ओलांडल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण त्याच सोप बॉक्स डर्बीतलं आहे. १९७३ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथल्या राष्ट्रीय शर्यतीत पहिला आलेला मुलगा १४ वर्षांचा होता. गाडी सुटताना पुढची लोखंडी फळी खाली पडते, आणि याच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक दडवलेला होता, तो त्या फळीकडे ओढून गाडीला सुरुवातीलाच हिसका देत होता. डोकं मागे टेकलं की चुंबक चालू व्हायचा. गाडीचा एक्स-रे काढल्यावर हे उघडकीला आलं, विजेतेपद काढून घेतलं गेलं, आणि हा उद्योग मुलाच्या नात्यातल्या एका जाणत्या माणसाचा होता हे स्पष्ट झालं. त्या गाडीत मुलाचं काय होतं? फक्त गादीवर बसणं. माझा याला विरोध आहे, आणि कुणाच्या घरात असं होत असेल तर ते मला कळायला एक्स-रे लागत नाही. गाडीचं एक चाक मी मुलासमोर काढतो आणि त्याला परत बसवायला सांगतो. मग दोन-तीन प्रश्न विचारतो. ज्यानं हातानं काम केलं आहे ते मूल बोलायला लागलं की थांबत नाही. ज्याची गाडी बापानं रात्रीतून केली ते मूल बापाकडे बघतं. अशी गाडी मी फळीवरून सोडू देतो, क्रमांकात धरत नाही, आणि मुलाच्या हातात नवा ठोकळा देतो. त्यासाठी सगळ्या घरांवर बंदी कशाला?

तयार किटनं समानता येते, हेही खरं नाही. ठोकळा कापून आलेला, चाकं बसवायची भोकं पाडून आलेली, मुलानं करायचं ते चिकटपट्टी लावण्याचं. मग शर्यत ठरते ती कुणाच्या पाकिटात नीट गोल चाकं आली यावर. एक गोष्ट किटची बाजू मांडणाऱ्यांना बहुधा माहीत नाही. अशा हलक्या गाडीच्या, एवढ्याशा वेगाला तिच्या देखण्या आकाराचा फारसा उपयोग होत नाही. फरक पडतो तो आस सरळ बसले आहेत का, चाक घासतं का, वजन कुठे आहे यानं. म्हणजे भारी हत्यारं घरी असली की जिंकता येतं, हा आक्षेपही तितकासा टिकत नाही. कानस आणि पॉलिश पेपर यांना फार पैसे पडत नाहीत, ते मी पथकातर्फे देऊ शकतो. ज्याला खिळ्यावर बसून राहायचा धीर आहे त्याची गाडी पळते, आणि तो धीर मुलानं शेजारच्या माणसाकडे बघून घेतलेला असतो.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा म्हणतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जावं. कागदावर आपण सुताराला मुलांचा शिक्षक मानायला तयार झालो आहोत. तो त्याच मुलाचा बाप निघाला की त्याला दाराबाहेर उभं करायचं, याला काय म्हणावं?

करवतीबद्दल फार लिहीत नाही. इथली मुलं सहा-सात वर्षांची असल्यापासून कोयत्यानं जळण फोडताना आणि फणस कापताना मी पाहतो. ठोकळा शिकंज्यात घट्ट बसवलेला असला, मोठं माणूस शेजारी असलं आणि विजेची हत्यारं दूर ठेवली की हाताची करवत हे काही संकट नाही. एकट्या मुलाच्या हातात ती देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण सूचना मान्य झाली तर नेमकं शेजारचं मोठं माणूसच आपण काढून टाकणार आहोत.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो, कारण तो खरा आहे. ज्या मुलाच्या घरी कुणीच नाही त्याचं काय? जोयड्यातले किती तरी बाप गोव्याला कामाला असतात, कुणी रविवारपुरते, कुणी फक्त सणाला आणि पेरणीला घरी येतात. आई पहाटेपासून शेतात आणि रानात. आजा थकलेला. असं मूल शर्यतीच्या दिवशी कसाबसा तासलेला ठोकळा घेऊन येतं आणि इतरांच्या गाड्यांकडे बघत राहतं. हे मला दिसतं, आणि सूचना मांडणाऱ्यांनाही दिसलं असेल, त्याबद्दल त्यांचे आभार. पण त्यांचा उपाय असा की एकाला हात नाही म्हणून बाकी सगळ्यांचे हात बांधा. त्यानं त्या मुलाला काय मिळालं? त्याचा ठोकळा होता तसाच राहिला, फक्त आता सगळ्यांचेच तसे झाले. त्याला हात मिळवून देणं हा उपाय आहे, आणि तो अवघड नाही. शनिवारी दुपारी शाळेची पडवी मोकळी असते. गावातला सुतार, ज्याच्या शेडमधून आपण तुकडे आणतो, तो एक दुपार यायला तयार आहे, मी विचारून आलो आहे. काम नसलेले दोन-तीन आजोबा गावात आहेत, ज्यांनी आयुष्यभर नांगर तासले. ज्या मुलांचे बाप घरी आहेत ते आपल्या पोरासोबत आणखी एकाला शेजारी बसवून घेऊ शकतात. त्यांच्यापैकी काहीजणांनी मागच्या वेळी कुणी न सांगताच ते केलं. आणि ज्याचा बाप शनिवारी रात्री मडगावहून येतो त्याला रविवारी घरी ठोकळा न्यायची मुभा असू द्या. आठवड्यातला तो एक दिवस त्या दोघांच्या वाट्याला येतो. तो शाळेच्या नियमानं काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला नाही.

माझी मागणी एवढी आहे: सूचना तूर्त बाजूला ठेवावी आणि पुन्हा सभा घ्यावी. मागची सभा भातकापणीच्या दिवसांत, कामाच्या वारी, सकाळी अकराला भरली होती. ज्या बापांच्या हातांविषयी हा निर्णय व्हायचा होता त्यांच्यातला एकही त्या खोलीत नव्हता. सगळे शेतात होते. पुढची सभा कापणी उरकल्यावर, रविवारी संध्याकाळी ठेवा, आणि तिचं बोलावणं चिठ्ठीनं पाठवू नका, घरी जाऊन सांगा. मी त्या वाड्यांवर फिरायला तयार आहे.